मृत्यूचा प्रश्न हाताशी धरून गिल्गामेशचे महाकाव्य कसे वाचावे

बहुतेकांना गिल्गामेशची कथा मूळ काव्य वाचण्याआधीच ठाऊक असते. दक्षिण इराकमधल्या उरुक नगरीचा उद्दाम राजा गिल्गामेश, त्याला वेसण घालण्यासाठी देवांनी घडवलेला रानटी एन्किदू, दोघांची झुंज आणि मग जिवाभावाची मैत्री, मित्राचा मृत्यू, आणि त्या मृत्यूने हादरलेल्या राजाने अमरत्वाच्या शोधात पालथी घातलेली पृथ्वी, एवढा सारांश कोणत्याही विश्वकोशात सापडतो. सारांश आधीच माहीत असल्यामुळे वाचक मातीच्या पाट्यांवर लिहिलेले हे काव्य हाती घेतो ते थेट अकराव्या पाटीवरचा जलप्रलय गाठण्यासाठी, आणि तिथून वनस्पती, साप व शेवट असा पल्ला तासाभरात मारून ग्रंथ मिटतो. अशा वाचनात काव्याचा गाभाच निसटतो. गिल्गामेशला मित्राचे प्रेत डोळ्यांसमोरून हटवता येत नाही, म्हणून तो अमरत्व शोधायला निघतो. शोक सावकाश वाचला तरच शोध कळतो, या एका धारणेवर पुढची वाचनपद्धती उभी आहे.

हाती कोणती संहिता असावी

आपण ज्याला एक महाकाव्य म्हणतो, त्यात वास्तविक हजार वर्षांहून अधिक काळच्या लेखनपरंपरेचे थर आहेत. सर्वांत जुन्या थरात गिल्गामेशविषयीच्या सुमेरी भाषेतल्या पाच स्वतंत्र कविता येतात. त्यांत एन्किदू मित्रापेक्षा सेवक म्हणून अधिक वावरतो. इ. स. पू. अठराव्या शतकाच्या सुमारास अक्कादी भाषेत एक सलग काव्य लिहिले जात होते, त्याला अभ्यासक जुनी बाबिलोनी संहिता म्हणतात. पुढे बारा पाट्यांची संहिता प्रमाण ठरली आणि परंपरेने तिचे श्रेय सिन-लेकी-उन्निन्नी या विद्वानाला दिले. या प्रमाण संहितेच्या पाट्यांचा मोठा साठा उत्तर इराकमधल्या निनेव्हे येथे, इ. स. पू. सातव्या शतकातल्या असुरबनिपाल या असीरियन राजाच्या ग्रंथसंग्रहात मिळाला. होर्मुझ्द रस्साम यांच्या १८५३ च्या उत्खननात तो संग्रह हाती लागला, आणि १८७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी त्यातल्या एका तुकड्यावर बायबलमधल्या नोहाच्या प्रलयाशी जुळणारी कथा वाचली. त्या शोधाने एवढी खळबळ उडाली की हे काव्य आधुनिक जगाला प्रथम प्रलयकथा म्हणूनच माहीत झाले. वाचक आजही आधी अकरावी पाटी उघडतो, याचे मूळ त्या खळबळीत आहे.

अनुवाद निवडताना एकच कसोटी लावावी: मूळ पाटी जिथे फुटलेली आहे ती जागा अनुवादकाने उघड दाखवली आहे का? ज्या अनुवादात कंस, ठिपके किंवा रिकामी ओळ दिसते, त्यावर अधिक विश्वास ठेवावा. गोष्टीच्या ओघासाठी भगदाडे लिंपून टाकणारी गद्य रूपांतरे वाचायला सोपी जातात. पण नेमक्या मृत्यूविषयीच्या ओळींत कोणता शब्द मातीवरचा आणि कोणता रूपांतरकाराचा, हे त्यांत कळत नाही. इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी अँड्र्यू जॉर्ज यांचा १९९९ चा अनुवाद उत्तम आहे, कारण त्यात प्रमाण संहितेबरोबर जुनी बाबिलोनी आणि सुमेरी पाठ्येही वेगवेगळी दिलेली आहेत, आणि पुढे सांगितलेल्या पद्धतीसाठी ती लागतात. जर्मनीतल्या म्युनिक विद्यापीठाच्या बाबिलोनी ग्रंथालय प्रकल्पाने संहिता आंतरजालावर विनामूल्य खुली केली आहे, तीही हाताशी ठेवावी. नवे तुकडे अजून सापडत असतात. इराकमधल्या सुलेमानिया वस्तुसंग्रहालयाने २०११ मध्ये मिळवलेल्या एका पाटीमुळे देवदार-वनाच्या प्रसंगात आजवर अज्ञात असलेल्या ओळींची भर पडली, हे त्याचे अलीकडचे उदाहरण.

वाचायला बसताना वहीचे एक पान मोकळे ठेवावे. काव्यात कोणीही मृत्यूविषयी काही बोलला की कोण बोलले, कोणाला उद्देशून, आणि बोलणाऱ्याची त्या वेळी अवस्था काय होती, एवढे त्यावर टिपावे. ही नोंद कंटाळवाणी वाटेल. पण शेवटी तीच सर्वांत उपयोगी पडते, कारण या काव्यात मृत्यूविषयीचे एकच वाक्य वेगळ्या तोंडी आले की त्याचा अर्थ बदलतो.

पहिल्या सहा पाट्या: मृत्यू माहीत असतो, कळलेला नसतो

पहिल्या चार पाट्या कथेच्या वेगाने वाचाव्यात. त्यांत एन्किदूचे माणसाळणे मात्र लक्षात ठेवावे. शामहत नावाच्या स्त्रीच्या सहवासात तो सहा दिवस आणि सात रात्री राहतो आणि त्यानंतर रानातली जनावरे त्याच्यापासून दूर पळतात. सहा दिवस आणि सात रात्री हे माप वहीत लिहून ठेवावे. ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

थांबायचे ते देवदार-वनाच्या मोहिमेपाशी. वनाचा रक्षक हुंबाबा याला मारायला जाऊ नकोस, असे एन्किदू विनवतो, तेव्हा जुन्या बाबिलोनी संहितेतला गिल्गामेश उत्तर देतो की स्वर्गात कोणीच चढू शकत नाही, सूर्यदेवाबरोबर चिरकाल राहतात ते फक्त देव, माणसाचे दिवस मोजलेले आहेत आणि तो जे काही करतो तो निव्वळ वारा आहे. तेव्हा आपण पडलो तरी नाव मागे राहील. सुमेरी कवितेत याच प्रसंगी तो सांगतो की आपण नगराच्या तटावरून वाकून पाहिले आणि नदीतून वाहत जाणारी प्रेते दिसली. म्हणजे मर्त्यतेचे ज्ञान त्याला पहिल्यापासून आहे, त्यावरचा उपायही त्याने ठरवलेला आहे, आणि तो उपाय म्हणजे कीर्ती. हे भाषण करणारा माणूस निरोगी, तरुण आणि शस्त्रसज्ज आहे, हेही वहीत नोंदवावे. मरण अटळ आहे हे तो ठासून सांगतो, पण त्या वाक्यात त्याचे स्वतःचे शरीर अजून आलेले नाही.

सहाव्या पाटीत इश्तार देवीची लग्नाची मागणी धुडकावणे आणि स्वर्गीय बैलाचा वध हे प्रसंग येतात. ते रंगतदार आहेत. आपल्या कामापुरते एवढेच लक्षात घ्यावे की हुंबाबाचा वध आणि बैलाचा वध या दोहोंची किंमत म्हणून देव दोघांपैकी एकाचे मरण ठरवतात, आणि चिठ्ठी एन्किदूच्या नावाची निघते.

सातवी आणि आठवी पाटी सावकाश वाचावी

इथे वेग अर्ध्यावर आणावा. एन्किदू लढताना मरत नाही; तो अंथरुणावर पडतो आणि काव्य त्याच्या आजाराचा पहिला दिवस, दुसरा दिवस असे मोजत बाराव्या दिवसापर्यंत येते. रणात पडणाऱ्याचे नाव होते, आपले तसे मरण नाही, ही त्याची शेवटची खंत आहे. कीर्तीच्या उपायाला पहिला तडा इथे जातो, आणि तोही ज्याच्या सोबतीने कीर्ती मिळवली त्याच्याच तोंडून.

त्याआधी तो देवदाराच्या लाकडाच्या दाराला शाप देतो, आपल्याला रानात प्रथम पाहणाऱ्या पारध्याला शाप देतो, आणि ज्या शामहतने त्याला माणसांत आणले तिलाही शाप देतो. सूर्यदेव शमाश त्याची समजूत घालतो: तिने तुला अन्न दिले, वस्त्र दिले, गिल्गामेशसारखा सखा मिळवून दिला. तेव्हा एन्किदू शाप मागे घेऊन तिला आशीर्वाद देतो. मरणाऱ्या माणसाचा राग कुठे वळतो आणि कशाने निवतो, याचे इतके जुने आणि इतके खरे चित्र मला दुसरीकडे वाचायला मिळालेले नाही. त्यानंतरचे पाताळाचे स्वप्नही तसेच थांबून वाचावे. गेलेला माणूस जिथून परत येत नाही असे ते घर, जिथे धूळ हे अन्न आहे, माती ही भाकरी आहे, रहिवासी पक्ष्यांसारखी पिसांची वस्त्रे ल्यायले आहेत, आणि एके काळच्या राजांचे मुकुट ढिगाने पडलेले आहेत. पुण्यवान कोण आणि पापी कोण हा भेद या चित्रात नाही. स्वर्ग, नरक, पुनर्जन्म आणि मोक्ष या कल्पनांत वाढलेल्या वाचकाने हे विशेष ध्यानात घ्यावे: एन्किदू मरतो तेव्हा त्याच्यापुढे कर्मफळाची आशा नाही आणि भीतीही नाही, फक्त धूळ आहे.

आठव्या पाटीवरचा विलाप शक्य असेल तर मोठ्याने वाचावा. गिल्गामेश मित्राचा चेहरा नववधूच्या चेहऱ्यासारखा झाकतो, गरुडासारखा त्याच्याभोवती घिरट्या घालतो, बछडी हरवलेल्या सिंहिणीसारखा येरझारा घालतो, केस उपटतो. मग कारागिरांना बोलावून मित्राची मौल्यवान मूर्ती घडवण्याची आज्ञा देतो आणि पाताळातल्या देवतांना द्यायच्या भेटी एकेक करून मांडतो. ही यादी वगळू नये. राजाच्या हाती जे जे आहे ते सर्व तो इथे वापरून पाहतो, आणि नवव्या पाटीच्या आरंभी तरीही तो रानात भटकताना रडतो आहे आणि स्वतःला विचारतो आहे: मी मरेन तेव्हा मीही एन्किदूसारखाच होणार ना? देवदार-वनाआधीचे भाषण आणि हा प्रश्न वहीत शेजारी शेजारी असतील, तर काव्याने मधल्या पाट्यांत काय केले ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुनरुक्ती वगळू नये

नववी पाटी, म्हणजे विंचू-मानवांचा पहारा, सूर्याच्या वाटेवरचा घनदाट अंधार आणि रत्नांची बाग, झपाट्याने वाचली तरी चालते. दहाव्या पाटीत मात्र नवख्या वाचकाचा संयम सुटतो, कारण तिथे तेच निवेदन तीनदा येते. समुद्राकाठची मद्यगृहवाली सिदुरी, नावाडी उर-शानाबी आणि अखेरीस प्रलयातून वाचून अमर झालेला उता-नापिश्ती, हे तिघेही गिल्गामेशला विचारतात की तुझे गाल असे का बसले, चेहरा असा का करपला. आणि तिघांनाही तो शब्दशः तेच उत्तर देतो. मी ज्याच्यावर जिवापाड प्रेम केले तो माझा मित्र माती झाला. सहा दिवस आणि सात रात्री मी त्याच्यासाठी रडलो. त्याच्या नाकातून अळी गळून पडेपर्यंत मी त्याला पुरू दिले नाही.

कीर्तनात धृपद जसे प्रत्येक वेळी वेगळ्या निरूपणानंतर येऊन वेगळे ऐकू येते, तसे हे उत्तर ऐकावे. शोकाकुल माणूस भेटेल त्याला तेच सांगतो, हा अनुभव सर्वांचा आहे, आणि कवीने तो काव्याच्या रचनेतच बसवला आहे. त्या अळीकडेही पाहावे. ही ओळ अमरत्वाच्या शोधाचे खरे कारण सांगते, आणि ते कारण ओंगळ व अत्यंत ठोस आहे: प्रेम केलेले शरीर डोळ्यांदेखत कुजले. यापुढे जो कोणी गिल्गामेशला शहाणपण सांगेल, त्याचे शब्द या अळीसमोर टिकतात का, हे वाचकाने प्रत्येक वेळी तपासावे.

दोन उपदेश समोरासमोर ठेवावेत

सिदुरीचा जो उपदेश सर्वत्र उद्धृत होतो, तो प्रमाण संहितेत नाही. तो जुन्या बाबिलोनी संहितेच्या एका पाटीवर आहे. देवांनी माणूस निर्माण केला तेव्हा मरण त्याच्या वाट्याला दिले आणि जीवन आपल्या हाती ठेवले. तेव्हा तू पोटभर जेव, रात्रंदिवस आनंदात राहा, स्वच्छ वस्त्रे नेस, डोक्यावरून नाहा, हात धरणाऱ्या लेकराकडे पाहा, पत्नीला तुझ्या मिठीत सुख मिळू दे, असा त्याचा आशय आहे. प्रमाण संहितेतली सिदुरी एवढे काही बोलत नाही. ती दार लावून घेते, हकिगत ऐकते आणि वाट सांगते. तिथे मृत्यूविषयीचे मुख्य भाषण उता-नापिश्ती करतो आणि त्याचा सूर फार वेगळा आहे. अशा वणवणीने तू स्वतःचे दिवस जवळ ओढतो आहेस, असे तो बजावतो. बोरूच्या बेटातल्या काडीसारखा माणूस मोडला जातो. मृत्यूचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, आवाज कोणी ऐकलेला नाही. माणसे घरे बांधतात, भाऊ वाटण्या करतात, नदीला पूर येतो, आणि पाण्यावर तरंगणारा, सूर्याकडे तोंड केलेला क्षणजीवी कीटक पाहता पाहता नाहीसा होतो.

हे दोन्ही उतारे एकाच बैठकीत, एकापाठोपाठ वाचावेत आणि मगच आपले मत बनवावे. सिदुरीचे बोलणे आजच्या वाचकाला लगेच आवडते. मला स्वतःला प्रमाण संहितेच्या संपादकाचा निर्णय अधिक योग्य वाटतो. ज्याने मित्राच्या नाकातली अळी पाहिली आहे त्याला नाहा-जेव म्हणून सांगणे त्या क्षणी रुजणारे नाही. जुन्या संहितेतही गिल्गामेश ते ऐकून घरी परतत नाही, पुढेच जातो.

अकरावी पाटी: प्रलयापेक्षा भाकऱ्या पाहाव्यात

आता प्रलयाकडे यावे, आणि तो एका प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचावा. गिल्गामेश उता-नापिश्तीला म्हणतो की तू तर माझ्यासारखाच दिसतोस, तुझ्याशी झुंजायच्या तयारीने मी आलो होतो, तुला हे जीवन मिळाले कसे? प्रलयाची सारी हकिगत हे त्याचे उत्तर आहे, आणि तिचा निष्कर्ष असा की ती एकदाच घडलेली गोष्ट होती. देव एकत्र जमले, देवांचा प्रमुख एन्लिल याने नावेत चढून उता-नापिश्ती आणि त्याची पत्नी या दांपत्याला अमरत्वाचा वर दिला. तुझ्यासाठी देवांची सभा आता कोण बोलावणार? वादळ इथेही सहा दिवस आणि सात रात्रीच वाहते.

त्यानंतरची परीक्षा हा माझ्या मते सबंध काव्यातला सर्वांत सूक्ष्मपणे रचलेला प्रसंग आहे. मृत्यूवर मात करायची असेल तर आधी सहा दिवस आणि सात रात्री झोपेशिवाय राहून दाखव, असे उता-नापिश्ती सांगतो. गिल्गामेश बसतो आणि बसल्या जागी झोप त्याच्यावर धुक्यासारखी उतरते. माणसे खोटे बोलतात, उठल्यावर हा नाकबूल करील, म्हणून उता-नापिश्ती पत्नीला रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवायला आणि भिंतीवर दिवसाची खूण करायला लावतो. गिल्गामेश डोळे उघडतो तेव्हा पहिली भाकरी वाळून खडखडीत झालेली असते, दुसरी चामड्यासारखी चिवट, तिसरी ओलसर, चौथी पांढुरकी पडलेली, पाचवीवर करडी बुरशी चढलेली, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यांवर. मला तर नुकताच डोळा लागला होता, असे तो म्हणतो, आणि उत्तरादाखल त्याला भाकऱ्या मोजायला सांगितले जाते.

इथे वहीतले जुने माप काढावे. सहा दिवस आणि सात रात्री त्याने मित्राचे प्रेत राखले होते आणि ते नासले होते. तेवढ्याच काळात उशाशी भाकऱ्या नासल्या आहेत. तो उद्गारतो की माझ्या शयनगृहात मृत्यू बसला आहे आणि मी जिकडे तोंड वळवीन तिकडे मृत्यूच आहे. देवदार-वनाआधी इतक्या रुबाबात उच्चारलेले सत्य इथे प्रथमच त्याच्या स्वतःच्या शरीराविषयी आहे.

निरोप देताना उता-नापिश्ती गिल्गामेशला एका वनस्पतीचे गुपित सांगतो; तो प्रसंग वाचताना दोन तपशील सुटू देऊ नयेत. पहिला असा की ती अमर करणारी वनस्पती नाही. तिचे नावच म्हातारा तरुण होतो अशा अर्थाचे आहे, म्हणजे मिळते ते फार तर पुन्हा तारुण्य. दुसरा तपशील बहुतेक सारांशांत गाळला जातो: पायांना दगड बांधून, खोल पाण्यात उतरून, काटे सोसून मिळवलेली ती वनस्पती गिल्गामेश स्वतः लगेच खात नाही. ती उरुकला न्यावी, आधी एखाद्या वृद्धाला देऊन पाहावी, मग आपण खावी, असा त्याचा बेत असतो. वाटेत थंड पाण्याच्या डोहात तो नाहायला उतरतो, साप वासावर येऊन वनस्पती पळवतो आणि जाता जाता कात टाकतो.

भारतीय वाचकाला इथे तुलनेचा मोह होतो. मनू आणि मत्स्य, नचिकेता, चिरंजीव ही यादी लगेच जमते, आणि तिने वाचन विखुरते. तुलना करायचीच तर नेमकी एक करावी. महाभारताच्या आदिपर्वात गरुड अमृत आणून दर्भावर ठेवतो, सर्प स्नानाला जातात, तेवढ्यात इंद्र अमृत घेऊन जातो आणि परतलेल्या सर्पांच्या जिभा दर्भ चाटून चिरतात. तिथे स्नानाला गेलेले सर्प मुकतात. इथे स्नानाला गेलेला माणूस मुकतो आणि साप मिळवतो. उसनवारीचा पुरावा यातून निघत नाही, आणि तो काढूही नये. दोन काव्ये एकच मांडणी उलट्या दिशांनी वापरून काय काय सांगू शकतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.

शेवट आणि त्यानंतर

अकराव्या पाटीच्या शेवटच्या ओळी वाचल्यावर लगेच पहिल्या पाटीचा आरंभ पुन्हा उघडावा. उरुकच्या तटावर चढ, पाया पाहा, विटा भाजलेल्या आहेत ना ते तपास, असे गिल्गामेश उर-शानाबीला सांगतो. एक हिस्सा वस्ती, एक हिस्सा खजुराच्या बागा, एक हिस्सा मातीच्या खाणी आणि अर्धा हिस्सा इश्तारचे मंदिर. याच ओळी कवीने आरंभी वाचकाला उद्देशून म्हटल्या होत्या. कामातून माणूस अमर होतो, असे तात्पर्य यातून काढण्याची घाई अनेकांनी केली आहे. मला ते पटत नाही, कारण कीर्तीचा उपाय काव्याने एन्किदूच्या अंथरुणाजवळ आधीच मोडीत काढला आहे. इथे गिल्गामेश स्वतःचे नावही उच्चारत नाही. तो एका परक्या नावाड्याला भाजलेल्या विटा, बागा आणि खाणी दाखवतो. रडून झालेला माणूस प्रथमच स्वतःखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहतो आहे, एवढेच मी त्यातून खात्रीने घेतो. उरुकचे अवशेष इराकमध्ये वार्का येथे आहेत आणि त्या तटाचा घेर सुमारे नऊ किलोमीटर होता, हे ठाऊक असले की या ओळींना वजन येते.

बारावी पाटी पहिल्या वाचनात बाजूला ठेवावी. ती एका सुमेरी कवितेच्या उत्तरार्धाचा अनुवाद आहे, तिच्यात एन्किदू आरंभी जिवंत असतो, आणि अकरावीला जोडून वाचली की गोंधळ होतो. दुसऱ्या वाचनात मात्र ती अवश्य घ्यावी. पाताळातून वर आलेल्या एन्किदूच्या छायेला गिल्गामेश तिथले नियम विचारतो, आणि उत्तरे आपल्या ओळखीची निघतात: ज्याला एकच मुलगा तो रडतो, ज्याला सात तो लहान देवांच्या पंक्तीला बसतो, आणि ज्याच्या नावाने मागे कोणी अन्नपाणी ठेवत नाही तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो. पितरांना पाणी आणि पिंड देणाऱ्या समाजातल्या वाचकाला या पाटीसाठी तळटीप लागत नाही. तिच्या जोडीला गिल्गामेशच्या मृत्यूवरची सुमेरी कविता वाचावी, ज्यात देव त्याचे प्रकरण सभेत चर्चेला घेतात, मरण टळणार नाही असा निवाडा देतात आणि मृतांमध्ये न्यायाधीशाचे पद त्याला देऊ करतात. ही दोन पाठ्ये अकराव्या पाटीनंतर काही दिवस जाऊ देऊन घ्यावीत, आणि वहीचे ते पान तेव्हाही शेजारी असावे.